घराची सीमा विस्तारणारी गृहिणी : साधनाताई आमटे
(व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाचे वर्ष हे कोणत्याही संस्थेच्या दृष्टीने आनंदाचे असते, तसेच ते हिशेबाचेही असते. पन्नास वर्षांच्या वहीत देणगीदारांची नावे सापडतात, वास्तूंच्या कोनशिला सापडतात, विश्वस्तांच्या कार्यकाळाच्या तारखा सापडतात. त्या वहीतील एक रकाना मात्र बहुधा कोराच राहतो. भोजनशाळेतील चूल पहाटे कोणी पेटविली, आलेल्या-गेलेल्यांची पाने कोणी वाढली, आजाऱ्याच्या उशाशी रात्र कोणी काढली, याची नोंद कोणत्याही शिलालेखावर आढळत नाही. घर सांभाळता सांभाळता समाज सांभाळणाऱ्या स्त्रियांचा तो रकाना असतो. त्या कोऱ्या रकान्याचे स्मरण व्हावे, म्हणून आजच्या प्रसंगी एका दीर्घ आणि कृतार्थ जीवनाचा परिचय करून घेणे उचित ठरेल. ते जीवन म्हणजे आनंदवनाच्या साधनाताई आमटे यांचे.

साधनाताई जन्माने जैन नव्हत्या आणि वऱ्हाडच्याही नव्हत्या. त्या नागपूरची कन्या आणि वरोऱ्याची सून. परंतु ज्या कार्यात त्यांनी आयुष्य वेचले, ते अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांना अपरिचित नाही. अचलपूरजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरोग रुग्णालय आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना केली आणि त्यातून तपोवन उभे राहिले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी त्याच्या दहा वर्षे आधी, १९३६ साली, कुष्ठधाम सुरू केले होते. याच वऱ्हाडच्या मातीत जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी अपंग, अंध आणि महारोग्यांच्या पंक्ती बसवून त्यांना सन्मानाने अन्न वाढले. विदर्भाच्या या सेवापरंपरेतील एक तेजस्वी पर्व म्हणजे आनंदवन, आणि आनंदवनाचा अर्धा भार ज्यांच्या खांद्यावर होता त्या साधनाताई.

जैन श्रावकाचारात सम्यग्दर्शनाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांतील तिसरे अंग निर्विचिकित्सा. रोगाने विद्रूप झालेल्या देहाची किळस न करणे, हा त्याचा सोपा अर्थ. या अंगाचे उदाहरण म्हणून राजा उद्दायनाची कथा प्रवचनांतून नेहमी सांगितली जाते. परीक्षा पाहण्यासाठी एक देव कुष्ठाने गळणाऱ्या मुनीचे रूप घेऊन राजवाड्यात येतो. आहार घेऊन वमन करतो. दुर्गंधीने सेवक पळून जातात. राजा मात्र स्वतःच्या हातांनी मुनीचा देह धुतो आणि आपल्याच आहारदानात काही दोष राहिला असेल म्हणून खंत करतो. या कथेत राजाशेजारी आणखी एक व्यक्ती उभी असते. ती पळून जात नाही. ती म्हणजे राणी प्रभावती. निर्विचिकित्सेचे उदाहरण देताना नाव राजाचे घेतले जाते. राणीने त्या क्षणी काय केले, तिच्या मनात काय उमटले, हे विचारण्याची आठवण फारशी कोणाला होत नाही. आनंदवनाच्या कथेतही नेमके हेच घडण्याचा संभव आहे, म्हणून आज ती कथा राणीच्या बाजूने पाहावयाची आहे.

साधनाताईंचे माहेरचे नाव इंदू घुले. ५ मे १९२६ रोजी नागपुरात त्यांचा जन्म झाला. घर संस्कृत विद्वानांचे, शास्त्रीपरंपरेचे, सोवळे-ओवळे कटाक्षाने पाळणारे. या घरातील एका विवाहप्रसंगी मुरलीधर देवीदास आमटे नावाचे एक तरुण वकील आले होते. हिंगणघाटात जन्मलेला, मालगुजाराच्या संपन्न घरातील हा पुत्र वकिलीतील पैशाला विटला होता आणि संन्यस्त वृत्तीने राहत होता. लग्नघराच्या गडबडीत एक वृद्ध मोलकरीण धुण्याचा ढीग उपसत होती. घरातील एक मुलगी सर्वांची नजर चुकवून तिच्या मदतीला जाते, हे त्यांनी पाहिले. कोणी पाहावे म्हणून ती मदत नव्हती, उलट कोणी पाहू नये याची ती काळजी घेत होती. आजन्म अविवाहित राहण्याचा निश्चय त्या दृश्याने मोडला. शास्त्र्यांच्या घराला असा फकिरी वृत्तीचा जावई सहज मानवणारा नव्हता. तरीही १८ डिसेंबर १९४६ रोजी हा विवाह झाला आणि इंदूची साधना झाली. अमरावतीत पटवर्धनांचे कार्य सुरू झाले त्याच वर्षी घडलेला हा योगायोग आहे.

संसाराची पहिली पायरीच अवघड होती. वरोऱ्यात बाबांनी श्रमाश्रम नावाचा एक प्रयोग मांडला होता. निरनिराळ्या जातींची, कष्टकरी वर्गातील माणसे एकत्र राहणार, एकत्र श्रम करणार, एकत्र जेवणार, अशी ती कल्पना. ज्या मुलीने माहेरी स्वयंपाकघराचा उंबरठाही सोवळ्याशिवाय ओलांडलेला पाहिला नव्हता, तिला सर्वांच्या पंगतीत आपले पान मांडावयाचे होते. बाबांचा ईश्वरभक्तीच्या रूढ मार्गांवर विश्वास नव्हता. साधनाताई श्रद्धाळू होत्या आणि अखेरपर्यंत श्रद्धाळूच राहिल्या. देव त्यांनी सोडला नाही, पण देवाच्या नावाने माणसाला दूर ठेवण्याची रीत मात्र सोडली. पतीच्या मागे डोळे मिटून जाणाऱ्या स्त्रीला हे साधत नाही. त्यासाठी आपली श्रद्धा स्वतः पारखून घ्यावी लागते.

पुढे तो प्रसंग आला, ज्याने या कुटुंबाची दिशा बदलली. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना बाबा सफाई कामगारांच्या बरोबरीने डोक्यावरून मैला वाहत असत. एका पावसाळी रात्री परतताना त्यांना गटारालगत एक देह पडलेला दिसला. तो तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी होता. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा भ्याले आणि तेथून निघून गेले. निर्भय म्हणविणाऱ्या माणसाला स्वतःच्या या भीतीची लाज वाटली. ते परत गेले, त्याला निवारा दिला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. परंतु ज्या रोगाच्या भीतीने आपण पळालो त्याच रोग्यांत राहावयाचे, असे बाबांच्या मनाने घेतले. तो विचार त्यांनी पत्नीपुढे ठेवला आणि पत्नीने होकार दिला.

त्या होकाराचे वजन आज कळणे कठीण आहे. त्या वेळी साधनाताईंच्या पदरी दोन मुले होती. विकास १९४७ चा आणि प्रकाश १९४८ चा. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला असला, तरी सामान्य माणसाच्या लेखी तो महारोग होता, पूर्वजन्मीच्या पापाचे फळ होता. सल्फोन गटातील औषधे नुकतीच हाती आली होती. बहुतेक माणसांच्या शरीरात या रोगाविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते, आणि औषध सुरू झालेल्या रुग्णापासून संसर्गाचे भय लवकरच नाहीसे होते, हे ज्ञान आज सर्वत्र उपलब्ध आहे. तेव्हा एका पंचविशीच्या मातेजवळ यातील कोणतीही खात्री नव्हती. बाबांनी आपल्या भीतीवर विजय मिळविला, ही गोष्ट थोर आहेच. पण बाबांनी पणाला लावले ते आपले शरीर. साधनाताईंनी पणाला लावली ती आपली लेकरे. या दोहोंत अधिक कठीण काय, याचे उत्तर प्रत्येक मातेने आपल्याशीच द्यावे.

कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये बाबांनी कुष्ठरोगोपचाराचे शिक्षण घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली होती. शासनाकडून वरोऱ्याजवळ पन्नास एकर जमीन मिळाली. जमीन म्हणजे खडक आणि झुडपी जंगल. साप, विंचू आणि हिंस्र श्वापदे यांचे ते माहेरघर. १९५१ साली सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि जवळचे चौदा रुपये एवढ्या भांडवलावर हे कुटुंब तेथे राहावयास गेले. आचार्य विनोबा भावे यांच्या हस्ते कार्याचा आरंभ झाला. पाणी नव्हते. बोटे नसलेल्या हातांनी कुदळी धरल्या आणि कडक उन्हाळ्यात खडक फोडून विहिरीला पाणी लावले. या पाण्यावर भाजीपाला पिकू लागला. त्या ओसाड माळाला आनंदवन हे नाव शोभू लागले.

भाजी पिकली, पण वरोऱ्याच्या बाजारात ती घेणार कोण? कुष्ठरोग्याच्या हातची भाजी आणि दूध घरात नेण्यास लोक तयार नव्हते. या बहिष्कारात एका साध्या गोष्टीने फरक पडला. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशीचे स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून दवाखान्याच्या इमारती उभारल्या, आणि तेथेच पिकलेले अन्न तेथेच बसून खाल्ले. सातासमुद्रापलीकडची माणसे हे अन्न निःशंकपणे खातात, हे पाहून गावाचे मन हळूहळू वळले. गावाने जे परक्यांकडून शिकले, ते आनंदवनातील एक गृहिणी कितीतरी आधीपासून आपल्या चुलीपाशी करीत होती. तेच पाणी, तेच धान्य, तीच भाजी ती आपल्या मुलांच्या पानात वाढत होती. तिच्याकडे पाहण्यास कोणी आले नव्हते, एवढेच.

आनंदवनाचा इतिहास बहुधा इमारती, संस्था आणि सन्मान यांच्या क्रमाने सांगितला जातो. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. साठीच्या दशकात वरोऱ्याच्या परिसरातील मुलांसाठी महाविद्यालय निघाले आणि ज्यांना समाजाने बाहेर टाकले होते, त्यांनी समाजाच्या मुलांना शिक्षण दिले. मूलजवळील सोमनाथ प्रकल्प उभा राहिला. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. बाबांना १९८५ साली रॅमन मॅगसेसे आणि १९९९ साली गांधी शांतता पुरस्कार लाभला. या साऱ्या क्रमात एक काम असे आहे की ज्याला उद्‍घाटनाची तारीख नाही. रोज येणाऱ्या माणसाला घरचे माणूस करून घेणे, हे ते काम होय.

कुष्ठरोग्याला दोन आजार असतात. पहिला त्वचेचा आणि मज्जातंतूंचा. त्यावर औषध आहे. दुसरा आजार असा की बाप मुलाचे नाव घेत नाही, नवरा बायकोला माहेरी पाठवितो आणि माहेर दार उघडत नाही. या दुसऱ्या आजारावर कोणत्याही दवाखान्यात गोळी मिळत नाही. जो माणूस कुटुंबातून तोडला गेला, त्याला बरे करण्यासाठी पुन्हा एक कुटुंबच लागते. जखम बांधणारा हात जितका आवश्यक, तितकाच सणाला आठवणीने गोड घास वाढणारा, आजारपणात चौकशी करणारा, चुकले तर रागावणारा हातही आवश्यक असतो. आनंदवनात बाबा सर्वांचे बाबा झाले, ते त्यांच्या वाणीने आणि कर्तृत्वाने. साधनाताई सर्वांच्या ताई झाल्या, त्या या दुसऱ्या शुश्रूषेने. जैन परिभाषेत वैयावृत्त्याची गणना सहा अंतरंग तपांत केली आहे. उपवासासारखे हे तप बाहेरून दिसत नाही. म्हणूनच कदाचित ते अंतरंग तप म्हटले गेले असावे.

या मार्गात कुटुंबाकडे दुर्लक्ष झाले का, असा प्रश्न रास्त आहे. समाजसेवेच्या अनेक कथांत घर उपेक्षित राहिल्याचे दिसते. विकास आणि प्रकाश या दोघांनी नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतले. शहरातील व्यवसायाचा मार्ग दोघांपुढे मोकळा होता. थोरल्याने आनंदवन पत्करले, धाकट्याने हेमलकशाचे अरण्य पत्करले. डॉ. भारती आणि डॉ. मंदाकिनी या दोन्ही सुना स्वतः डॉक्टर. त्याही याच मार्गावर आल्या. मुलांना उपदेशाने क्वचित काही शिकविता येते. मुलांनी ज्या घरात डोळे उघडले, तेथे कष्ट होते, पण कष्टाविषयीची कडवट तक्रार त्यांच्या कानी नित्य पडली असती, तर ती मोठी होताच दूर निघून गेली असती. ती परत आली, यातच साधनाताईंच्या गृहिणीपणाची साक्ष आहे. २००८ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाल्याची वार्ता आली, तेव्हा साधनाताई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.

गृहिणीचे दुसरे मोठे कर्तव्य त्यांनी पतीच्या बाबतीत बजावले. मणक्यांच्या विकाराने बाबांना पुढे बसणेच अशक्य झाले. एक तर उभे राहावयाचे किंवा पडून राहावयाचे. अशा देहाने त्यांनी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर आणि १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी भारत जोडो यात्रा काढली. १९९० साली पंचाहत्तरीत आनंदवन सोडून ते नर्मदेच्या तीरावर कसरावद येथे धरणग्रस्तांच्या पाठीशी राहावयास गेले. साधनाताई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षे राबून उभे केलेले घर, नातवंडे, ओळखीची माणसे हे सर्व मागे ठेवून त्यांनी पुन्हा एकदा परक्या ठिकाणी चूल मांडली आणि सुमारे एक तप तेथे काढले. सामान्य गृहिणी आयुष्यात एकदा घर सोडते. साधनाताईंनी ते वारंवार सोडले आणि प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा मोठे घर मांडले.

आपल्या या प्रवासाची कहाणी त्यांनी आत्मकथनात सांगितली आणि त्याला ‘समिधा’ हे नाव दिले. ज्वाला सर्वांना दिसते, समिधा दिसत नाही. परंतु हे नाव वाचून कोणी केवळ हळहळ व्यक्त करू नये. समिधा कोणीतरी उचलून टाकलेली असते, साधनाताई स्वतः पुढे झाल्या होत्या. श्रमाश्रमात, आनंदवनात, नर्मदातीरी प्रत्येक वळणावर त्यांना नव्याने होकार द्यावा लागला आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत ठाऊक असताना त्यांनी तो दिला. हा भेद ध्यानात न घेता त्यांना केवळ पतीची सावली म्हणणे अन्यायाचे होईल.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे देहावसान झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, ९ जुलै २०११ रोजी, पंचाऐंशी वर्षांचे आयुष्य पूर्ण करून साधनाताईंनीही आनंदवनातच देह ठेवला.

त्यांच्या पश्चात काय बदलले आणि काय नाही, हेही पाहिले पाहिजे. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि तो शासनामार्फत विनामूल्य मिळतो. २००५ च्या अखेरीस भारताने दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले, तरी त्यानंतरही अनेक वर्षे देशात दरवर्षी एक लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळत राहिले. रुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी अमदानीतील कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमात, जो जैन समाजालाही लागू आहे, कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ साली वगळण्यात आले. औषधाने रोग आधी जिंकला, कायदा कितीतरी मागून आला आणि माणसाचे मन कधी कधी कायद्याच्याही मागून चालते. अंगावर एखादा बधिर चट्टा दिसला तर तो लपविण्याची बुद्धी आजही होते, ती रोगाच्या भयाने नव्हे तर घराच्या भयाने. हे भय ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी साधनाताईंचे कार्य पूर्ण झाले असे म्हणता येईल.

सर्वांनाच आनंदवन उभारता येणार नाही. परंतु प्रत्येक घराला एक सीमा असते आणि त्या सीमेबाहेर कोणीतरी उभे असते. कोठे ती विधवा आत्या असते, कोठे अंथरुणाला खिळलेले आजोबा असतात, कोठे परजातीत विवाह केला म्हणून तुटलेली लेक असते, कोठे अंगणापलीकडे पाणी मागणारी मोलकरीण असते. ती सीमा एक हात पुढे सरकविणे हे ज्या त्या गृहिणीच्या आणि गृहस्थाच्या हाती आहे. सुवर्णमहोत्सवी संस्थेनेही आपल्या वहीतील तो कोरा रकाना आता भरावयास घ्यावा. ज्या माता-भगिनींनी नाव न लावता पन्नास वर्षे भोजनशाळा, पाठशाळा आणि रुग्णसेवा चालविली, त्यांतील ज्या आज हयात आहेत त्यांना वेळीच विचारावे, त्यांचे शब्द लिहून घ्यावेत. राजा उद्दायनाची कथा यापुढे सांगताना शेजारी उभ्या असलेल्या राणी प्रभावतीचेही नाव आवर्जून घ्यावे.

घराला समाजाएवढे मोठे करणाऱ्या या थोर गृहिणीच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.